दिव्यावरचा अंधार



‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. दुसऱ्याच्या घरातलं उणं काढायचं असलं की ती हमखास आठवते. आज मला मात्र दिव्याखालच्या नव्हे, दिव्यावरच्या अंधाराविषयी बोलायचं आहे. विषय साधा आहे. मोटारीच्या पुढच्या दिव्यांची काच आपोआप धुणारी यंत्रणा गाडीतच बसवलेली असावी का? मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए. पर्यंत, तेही मराठी घेऊन. मोटारीतलं याला काय कळणार, असं तुमच्या मनात आलं असेल, तर ते खोटं नाही. पण एका पावसाळी रात्री या प्रश्नाने मला भर रस्त्यात गाडीतून उतरवलं, आणि तेव्हापासून तो माझ्या मागे लागला आहे.

जुलै महिना होता. बदलापूरला एका वाचनालयात कवितावाचनाचा कार्यक्रम होता. तो आटोपला, चहा झाला आणि साडेदहाच्या पुढे मी भाच्याच्या गाडीतून उल्हासनगरकडे निघालो. लोकलने आलो असतो तर मध्ये एक अंबरनाथ तेवढं लागलं असतं. पण पाऊस जोराचा होता आणि भाचा म्हणाला, “मामू, गाडी असताना भिजत कशाला जायचं?” तो दिवसभर कामानिमित्त फिरला होता. कुठे रस्ता खोदलेला, कुठे खडीच्या डंपरमागून रांगत जायचं. गाडी चिखलाने माखली होती. पाऊस पडतोय म्हणजे ती आपोआप धुऊन निघेल, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

अंबरनाथच्या बाजूला आलो तसं रस्त्यावरचे दिवे गेलेले. “या गाडीचे दिवेच मंद आहेत,” असं म्हणत भाचा सारखा अप्पर लावत होता. समोरून येणारे चिडून आपलेही दिवे आमच्या डोळ्यांत मारत होते. एक ट्रक समोर आला तेव्हा याने डिप्पर दिला. ट्रक गेला. क्षणभर सगळं काळं झालं आणि त्या काळोखातून डाव्या अंगाला, अगदी बॉनेटपाशी, एक सायकल हातात धरून चालणारा माणूस उगवला. ‘उगवला’ हाच शब्द बरोबर आहे. तो आधीपासून तिथे होता, पण आमच्यासाठी त्या क्षणी जन्माला आला. भाच्याने ब्रेक दाबला. गाडी घसरली, जरा तिरकी झाली आणि थांबली. सायकलचं मागचं चाक आणि आमचा बंपर यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल.

मी उतरलो. माणूस पन्नाशीचा, माझ्याच वयाचा. दुसऱ्या पाळीवरून सुटून घरी निघालेला. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, हँडलला डबा. तो आमच्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “साहेब, मी मागे वळून बघितलं होतं. दिवे अगदी बारीक दिसले. म्हटलं, गाडी लांब आहे.”

मी दिव्यांकडे बघितलं. दोन्ही काचांवर चिखलाचा लेप. वरून पाऊस पडत होता, पण तो त्या लेपावरून नुसता ओघळत होता. मी खिशातला रुमाल काढला, खड्ड्यातल्या पाण्यात नको म्हणून भाच्याजवळच्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि काच पुसली. एकीकडचा दिवा लख्ख झाला आणि रस्त्याच्या कडेचं गवत, दगड, सायकलवाल्याच्या चपला, सगळं दिसायला लागलं. दुसरीकडे अजून पिवळट धुकं होतं. एकाच गाडीचे ते दोन डोळे बघून भाचा गप्प झाला. दिवे मंद नव्हते. आंधळे आम्ही झालो होतो.

घरी पोचेपर्यंत भाच्याने मनाशी निकाल लावला होता. “मामू, परदेशी गाड्यांत बंपरमधूनच पिचकारी बाहेर येते. बटण दाबलं की दिवे साफ. आपल्याकडे सगळ्याच गाड्यांना ती सक्तीची करायला पाहिजे.” त्या रात्री मला ते शंभर टक्के पटलं. पण रात्री पटलेल्या गोष्टी सकाळी तपासून बघाव्यात, ही कवितेने लावलेली सवय आहे. म्हणून दोन दिवसांनी मी उल्हासनगरातल्या माझ्या एका गॅरेजवाल्या मित्राकडे गेलो. हा सिंधी गृहस्थ. वडील फाळणीनंतर इथल्या छावणीत आले. दुसऱ्या महायुद्धात बांधलेली लष्कराची कल्याण कॅम्प ती हीच. १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं, पण आम्ही अजूनही पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतो. मित्राचं सगळं आयुष्य गाड्यांखाली झोपून गेलेलं. त्याने मला जे समजावलं, ते आधी सांगतो.

मोटारीचा डिप्परचा प्रकाश म्हणजे नुसता उजेडाचा झोत नसतो. त्याला कापल्यासारखी वरची कड असते. कडेच्या खाली उजेड आणि वर अंधार. समोरच्याचे डोळे त्या वरच्या अंधारात राहावेत, म्हणून ही योजना. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ही कड उजवीकडे खाली आणि डावीकडे थोडी वर चढवलेली असते. डावीकडे का? तर रस्त्याच्या त्या कडेने माणसं चालतात म्हणून. म्हणजे दिवा घडवणाऱ्याने पायी चालणाऱ्याचा विचार आधीच करून ठेवला आहे. काचेवर धूळ-चिखल बसला की दोन गोष्टी होतात. काही प्रकाश अडतो आणि रस्त्यावर कमी पडतो. उरलेला काही प्रकाश त्या कणांवर आपटून सैरावैरा पसरतो, कडेच्या वरही जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. न्हाणीघराच्या खडबडीत काचेतून बाहेरचा बल्ब कसा पसरट दिसतो, तसं. एकाच मळाने चालवणाऱ्याला कमी दिसतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

मला माझ्या लहानपणची एक गोष्ट आठवली. त्या काळी मोटारींच्या दिव्यांवर वरच्या बाजूला काळा रंग लावलेला असे. समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून दिवा मुद्दाम काळा करायचा, मग चिखलाने बिघडतं कुठे, असं मी मित्राला विचारलं. तो हसला. “काळा रंग उजेड अडवतो. चिखल उजेड उधळतो. अडवणं वेगळं, उधळणं वेगळं.” कवीला लाजवील असं वाक्य तो पाना फिरवता फिरवता बोलून गेला.

आता यंत्रणेकडे येऊ. ही कल्पना थंड देशांतली. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळून राड होते आणि ती पुढच्या गाडीच्या चाकांवरून उडून मागच्याच्या दिव्यांवर बसते. स्वीडनच्या साब कंपनीने १९७० च्या सुमारास दिव्यांना छोटे वायपर बसवले, समोरच्या काचेला असतात तसेच. पुढे दिव्याची काच जाऊन प्लॅस्टिक आलं. पॉलिकार्बोनेट त्याचं नाव. हलकं, न फुटणारं, हवा तो आकार घेणारं. पण त्यावर वायपर घासला तर ओरखडे पडतात. मग वायपर गेले आणि जोराने पाणी मारणाऱ्या नळ्या आल्या. एरवी त्या बंपरमध्ये दडलेल्या असतात. समोरची काच धुण्याचं जे पाणी बॉनेटखालच्या टाकीत असतं, तेच पाणी वेगळा पंप जोराने या नळ्यांत सोडतो. त्या दाबाने नळी पुढे सरकते, फवारा मारते आणि पुन्हा आत जाते.

१९९० च्या दशकात झेनॉनचे दिवे आले. साध्या हॅलोजन बल्बचा डिप्परचा प्रकाश हजार-दीड हजार ल्युमेनच्या आसपास, तर झेनॉनचा तीन हजारांच्या वर. एवढा उजेड उधळला तर समोरच्याचं काही खरं नाही. म्हणून युरोपच्या नियमांत अट आली की डिप्परच्या दिव्याचा प्रकाश २००० ल्युमेनपेक्षा जास्त असेल, तर तो साफ करणारी यंत्रणा गाडीत असलीच पाहिजे. अमेरिकेने अशी सक्ती केली नाही. आणि मग काय झालं? कंपन्यांनी बरोबर २००० ल्युमेनचा, कमी वॅटचा झेनॉन बल्ब काढला. नियमाच्या उंबऱ्याबाहेर उभा राहणारा. पुढे एलईडीचे दिवेही कित्येक गाड्यांत याच मर्यादेच्या आत ठेवले गेले. यंत्रणा बसवण्याचा खर्च वाचला.

ही गोष्ट ऐकून मला आधी राग आला. मग वाटलं, त्या नियमाचा अर्थ तरी नीट बघावा. नियम असं म्हणत नाही की चालवणाऱ्याला नीट दिसावं म्हणून दिवे धुवा. तो म्हणतो, तुझा दिवा जितका प्रखर, तितकी तो स्वच्छ ठेवण्याची तुझी जबाबदारी मोठी. हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडेही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत असं आहे की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा आणि आठ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे त्याने दिपता कामा नयेत. म्हणजे आपल्या कायद्यालाही समोरचा माणूस दिसतो. आपल्याला तो दिसत नाही, एवढंच.

मग ती पिचकारी आपल्याकडे सगळ्या गाड्यांना सक्तीची करावी का? मित्राचं उत्तर सरळ होतं. “करून बघा. चार महिन्यांत निम्म्या टाक्या कोरड्या असतील.” त्याचं म्हणणं असं, की फवारा ओला, ताजा चिखल उडवतो. वाळून घट्ट झालेला चिखल, तेलकट काजळी, पहिल्या पावसात दिव्यांवर येऊन मरणारे किडे, हे नुसत्या पाण्याने जात नाहीत. त्यांना हात लावावाच लागतो. बंपरला जरा धक्का लागला की नळी वाकडी होते आणि फवारा दिव्याऐवजी तिसरीकडेच जातो. दुरुस्तीचा खर्च निराळा. शिवाय सगळ्यात मोठा घोटाळा मळाचा नाही, पिवळेपणाचा आहे. प्लॅस्टिकवर जो संरक्षक थर असतो तो उन्हाने झिजतो. मग ते पिवळट, धुरकट होतं, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं. कितीही फवारे मारा, मोतीबिंदू धुतल्याने जात नाही.

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. मळका दिवा मंद वाटतो, म्हणून माणूस अप्पर लावूनच गाडी हाकतो. तेही पुरत नाही, म्हणून बाजारातून जास्त उजेडाचा बल्ब आणून बसवतो. तो त्या दिव्यासाठी घडवलेला नसतो, त्यामुळे कड मोडते. मग समोरच्याला दिसत नाही. तोही तसाच बल्ब आणतो. आमच्या उल्हासनगरवर ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा जुना विनोद आहे, आणि तो आम्हीच सगळ्यांत जास्त हसून सांगतो. पण असे बल्ब आता कुठल्या एका गावाची मिरास राहिलेले नाहीत. ते घरपोच येतात. मित्र म्हणाला, “माझ्याकडे जास्त उजेडाचा बल्ब मागायला येणाऱ्याचा दिवा मी आधी पुसून देतो. पुष्कळ जण तसेच परत जातात. माझा धंदा बुडतो.”

तिथून परतताना मला आमच्या घरातला कंदील आठवला. आमच्याकडे वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता. म्हणून रोज दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच पुसायचं काम माझ्याकडे असे. माझ्याकडे का, तर माझा हात लहान होता. मोठ्यांचा हात काचेत जात नसे. चुलीतली बारीक राख, मग मऊ चिंधी आणि शेवटी वर्तमानपत्राचा कागद. खेळ सोडून यायचा कंटाळा येई. एकदा मी अम्मीला म्हटलं, “आज नाही पुसली तर काय होतं? वात मोठी करू.” अम्मी म्हणाली, “वात मोठी केली की काजळी जास्त धरते. उजेड वातीत नसतो, काचेत असतो.” अंबरनाथला तेव्हा विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना होता. अख्ख्या मुलखाला आग पुरवणाऱ्या त्या गावाशेजारी आम्ही राहायचो, पण उजेड म्हणजे काडी नव्हे, काच, हे मला घरात कळलं. इतक्या वर्षांनी गॅरेजवाल्या मित्राने मला तेच सांगितलं. फक्त वातीच्या जागी त्याने ल्युमेन म्हटलं.

म्हणून माझं उत्तर असं आहे. ज्यांचे दिवे खरोखर प्रखर आहेत, ज्या गाड्या रात्रभर महामार्गावर धावतात, मध्ये थांबून उतरणं ज्यांना धोक्याचं आहे, त्यांना ही यंत्रणा असावी आणि तिथे कंपन्यांना पळवाट असू नये. पण तुमच्या-माझ्या साध्या गाडीला, कल्याण ते बदलापूर एवढ्या फेऱ्यांना, तिची गरज नाही. तिथे बाटलीभर पाणी आणि एक मऊ फडकं पुरतं. कोरडं फडकं घासू नका, वाळूच्या कणांनी प्लॅस्टिकवर चरे पडतात. आधी पाणी ओता, मग पुसा. राख कंदिलाला चालायची, इथे चालणार नाही. टूथपेस्टने घासायचा उपायही तात्पुरता. त्याने पिवळेपणा जातो तसा उरलासुरला थरही जातो. मागचे लाल दिवे विसरू नका, ते तुमच्या मागच्यासाठी आहेत. आणि गाडीत मागे माणसं किंवा सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, दिवे वर बघायला लागतात. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर दिवे खाली करायची छोटी चकती असते. ती कशासाठी आहे, हे चालवणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं?

यावर भाच्याचा एक आक्षेप आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. तो म्हणतो, “मामू, सवय माणसाला लागत नाही, म्हणून तर यंत्र लागतं. तुम्ही पुसाल. दहांतले नऊ नाही पुसणार.” हे खरं आहे. सीटबेल्टचं तेच झालं, हेल्मेटचं तेच झालं. दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही चालू राहावा, म्हणून १ एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांत तो बंद करायचं बटणच काढून टाकावं लागलं. माणसावर विसंबून भागत नाही, हे कायद्याला कळतं. पण या यंत्राची टाकी शेवटी माणसालाच भरायची आहे. जो फडकं मारत नाही, तो टाकी भरेल याचा भरवसा काय? दिवसा पेटलेला दिवा काही मागत नाही. ही पिचकारी पाणी मागते.

आणि हे सगळं कुणासाठी? गाडीत बसलेल्याला पत्रा आहे, पट्टा आहे, हवेची पिशवी आहे. रस्त्याच्या डाव्या कडेने चालणाऱ्याला काहीच नाही. आमच्या भागात तो कोण असतो, ते मी रोज बघतो. कारखान्यांच्या पाळ्यांवरून सुटणारे बायका-पुरुष असतात. स्टेशनवरून शेवटची रिक्षा न परवडलेले असतात. माघ महिन्यात तर फारच माणसं पायी असतात. माघी पौर्णिमेला हाजी मलंगचा उरूस, लोक रात्री डोंगराच्या वाटेला लागलेले. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच महाशिवरात्र. अंबरनाथचं शिवमंदिर इसवी सन १०६० मधलं, शिलाहारांच्या काळातलं. तिथे दर्शनाला पहाटेपासून रांगा. एकीकडे हिरवी चादर घेऊन चाललेले, दुसरीकडे बेल घेऊन चाललेले. समोरून येणाऱ्या मोटारवाल्याला यातलं काही कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. त्याला फक्त एवढं दिसलं पाहिजे की कुणीतरी माणूस चाललं आहे.

त्या रात्रीचं थोडं सांगायचं राहिलं. मी दुसरा दिवा पुसत होतो तेव्हा तो सायकलवाला जवळ आला. त्याने माझ्या हातातला रुमाल बघितला आणि काहीतरी सुचल्यासारखा मागे वळला. त्याच्या सायकलच्या मागच्या मडगार्डवर एक लाल चकती होती. चिखलाने पार बुजलेली. त्याने ती शर्टाच्या बाहीने पुसली. आमच्या दिव्याच्या उजेडात ती चमकली. “माझीही मळली होती की,” तो म्हणाला आणि सायकल घेऊन चालायला लागला.

आम्ही गाडीत बसलो तरी भाच्याने लगेच गाडी सुरू केली नाही. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती लाल टिकली आम्हाला दिसत होती.